वर्गातल्या बरणीतलं जंगल: बालवाडी ते दुसरीच्या शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात शाळा सुरू झाली की टेरेरियमबद्दल तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या, म्हणजे कोकणातल्या, घाटातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांना उन्हाळ्याबद्दलचं उत्तर जास्त उपयोगी पडेल.

टेरेरियम म्हणजे नेमकं काय? फिशटँकमध्ये लावलेली बाग?

साधारण तसंच. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या भांड्यात खडे, माती आणि ओलावा आवडणारी लहान झाडं लावायची आणि वर झाकण ठेवायचं. आतलं पाणी मातीतून आणि पानांतून वाफ होऊन वर जातं, काचेवर थेंब होऊन साचतं आणि ओघळून पुन्हा मातीत मुरतं. त्यामुळे पाणी फार कमी लागतं.

हा शोध योगायोगाने लागला. १८२९ साली लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाकडे लक्ष ठेवताना त्यांना दिसलं, की त्याच मातीत नेच्याचं (फर्नचं) एक रोप आणि गवत उगवलंय. त्यांच्या अंगणातले नेचे कोळशाच्या धुराने मरत होते आणि हे मात्र बाटलीत मजेत वाढत होतं. पुढे अशाच काचपेट्यांमधून रोपं जहाजांवरून जगभर फिरली. चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली तीही अशीच. दुसरीच्या मुलांना ही गोष्ट आवडते. बालवाडीत ती सांगायची घाई नको.

जंगलातलीच झाडं कशाला? झेंडू, मोहरी, मूग लावून निरीक्षण होत नाही का?

होतं, आणि मूग जरूर पेरा. पण जंगलाच्या सावलीतली बारकी झाडं निवडण्यामागे एक कारण आहे, आणि आमच्या मते टेरेरियमचा सगळा उपयोग त्या एका कारणात आहे.

पाच वर्षांच्या मुलाला ‘झाड काढ’ म्हटलं की ते तपकिरी खोड आणि वर हिरवा ढग काढतं. ‘फूल काढ’ म्हटलं की मध्ये गोल आणि भोवती पाच पाकळ्या. समोर खरा झेंडू ठेवला तरी चित्र तेच येतं, कारण हात आधीच पाठ झालेला असतो. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य आठवा, महाराष्ट्रातली निम्मी मुलं तोच काढतात. मॉसचं (ओल्या भिंतीवरच्या मऊ हिरव्या थराचं), नेच्याचं असं पाठ चित्र कुणाच्याच हातात नसतं. ते काढायचं तर बघावंच लागतं. मोठ्यांचंही तसंच होतं, म्हणून शिक्षकांनीही एकदा मुलांबरोबर बसून मॉस काढून बघावं.

दुसरं म्हणजे ही झाडं सावकाश बदलतात, पण बदलतात नक्की. एका दिवसात काही घडत नाही आणि पंधरा दिवसांत बरंच काही घडलेलं असतं. आठवड्यातून दोनदा पाच-पाच मिनिटं बघणाऱ्या वर्गाला हा वेग बरोबर जुळतो.

कोणत्या वयापासून सुरू करावं?

तीन वर्षांच्या मुलाला भांडं दाखवता येतं, चार वर्षांचं मूल बदल सांगू लागतं आणि पाच-सहाव्या वर्षी ते अंदाज करतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. त्यामुळे बालवाडीत सुरू केलेली बरणी पहिली-दुसरीतही चालू ठेवायला अडचण नाही. तिसरीत परिसर अभ्यास हा विषय येतो तेव्हा या मुलांना ‘निरीक्षण करा’ या सूचनेचा अर्थ आधीच कळलेला असतो.

आमच्याकडे पैसे नाहीत. तयार टेरेरियम महाग मिळतं.

तयार घेऊच नका. नर्सरीतल्या त्या शोभेच्या गोळ्यात रंगीत खडे, प्लास्टिकचं हरीण आणि निवडुंग असतो, आणि त्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं. पाच लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन वरून कापला तर उत्तम भांडं होतं. वर प्लास्टिकच्या ताटलीचं झाकण चालतं. लोणच्याच्या पारदर्शक बरण्या पालकांकडून मागवा.

वर्गात चाळीस मुलं असतील तर एक मोठी पेटी करण्यापेक्षा लिटर-दोन लिटरच्या सात-आठ बरण्या करा. मोठ्या पेटीभोवती पुढची सहा मुलं बघतात आणि मागची ढकलाढकली करतात.

महागड्या साधनांवाचून बालशिक्षण होतं हे आपल्याकडे फार आधी करून दाखवलं गेलंय. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे अशा परिसरातल्याच वस्तू शिकण्याची साधनं म्हणून वापरल्या. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. आपल्याला फक्त एक बरणी वर्गात आणायची आहे.

थर कसे रचायचे?

तळाशी बोटाच्या पेराएवढा धुतलेल्या खड्यांचा थर. कोकणात असाल तर जांभ्याचे तुकडे वापरा, ते पाणी धरून ठेवतात. त्यावर लाकडी कोळशाचा चुरा पातळसा. कोळसा कुबट वास थोडा कमी करतो. नसला तरी अडत नाही. वर चार-पाच बोटं माती: दोन वाटे बागेची माती, एक वाटा नारळाच्या काथ्याचा भुसा, एक वाटा जाडी वाळू. शेणखत घालू नका. बंद भांड्यात त्याला बुरशी येते आणि वर्गात वास सुटतो.

खड्यांचा थर निचऱ्यासाठी आहे, पण मुलांसाठी त्याचा दुसरा फायदा आहे. जास्तीचं पाणी तिथे जमतं आणि काचेतून पाण्याची रेघ दिसते. ‘आज पाणी कुठपर्यंत आहे?’ याचं उत्तर चार वर्षांचं मूल बोट ठेवून देतं.

झाडं कुठून आणायची? सहलीला गेलो की जंगलातून आणावीत का?

नाही. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून झाडं काढणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. राखीव जंगलालाही नियम आहेत. कासच्या पठारावरून तर चिमूटभर मातीही आणू नये. देवराईत कायद्याच्याही आधी गावाचा नियम लागू असतो. अनेक देवरायांमधून वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. ‘देवाचं आहे, इथेच बघायचं’ हे मुलांना सहज समजतं, मोठ्यांनाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणि जंगलात जायची गरजही नाही. जुलैमध्ये शाळेच्या आवारातच सगळं मिळतं. गळक्या टाकीखाली, पागोळ्या पडतात तिथे, विहिरीच्या कठड्यावर, कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीच्या बाजूला बघा. रंगकामाआधी खरवडली जाणार असलेली भिंत सगळ्यात चांगली. स्वयंपाकघरातलं जुनं उलथणं मॉसखाली सरकवून पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा तुकडा उचला आणि बाकीचं तिथेच राहू द्या.

नेमकी कोणती झाडं चालतील?

मॉस हवंच. इथे मॉस म्हणजे भिंतीवरचं बारीक बारीक पानांचं, बोटाला मऊ लागणारं. फरशी निसरडी करणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं, ते घेऊ नका.

त्याच्या शेजारी कुंडीच्या मातीवर चिकटून वाढणाऱ्या, टोकाला दुभंगणाऱ्या चपट्या हिरव्या पट्ट्या दिसल्या तर त्या मातीसकट उचला. तो रिक्सिया, मॉसचा नातेवाईक. त्याला ना खोड ना पान, त्यामुळे ‘हे झाड आहे का?’ यावर वर्गात चांगलं भांडण होतं.

नेच्यांमध्ये हंसराज सगळ्यात देखणा. काळा चकचकीत देठ आणि पंख्यासारखी पानं. भिंतींवर येणाऱ्या हंसराजाची एक खोड मुलांनी बघायलाच हवी: पानाच्या लांब टोकाला जमीन लागली की तिथे मुळं फुटून नवं रोप होतं. बरणीत ते टोक मातीवर टेकवून ठेवायचं आणि वाट बघायची. जुन्या भिंतींच्या चुन्याच्या फटींमधून येणारे इतर लहान नेचेही चालतात, फक्त मोठे होणारे टाळा.

कुंड्यांच्या कडेला आपोआप उगवणारी बारीक पानांची पायलिया आणि पारदर्शक खोडाची पेपरोमिया ही दोन्ही ‘तणं’ बरणीत छान राहतात. पेपरोमियाचं एक रोप बाहेर काढून लाल शाईच्या पाण्यात ठेवा, खोडातून रंग चढताना दिसतो. हाच प्रयोग तेरड्यावर करतात. तेरडा बरणीत मावत नाही, पण त्याच्या पिकलेल्या बोंडाला हात लावून ते फुटताना बघणं हा श्रावण-भाद्रपदातला तास चुकवू नये.

जून-जुलैमध्ये जांभळाची ताजी बी पेरून ठेवा. ती फार दिवस साठवली तर उगवत नाही. उगवली की कधीकधी एकाच बीमधून दोन-तीन कोंब येतात आणि मुलं ‘कुणाची बी जास्त शहाणी’ यावर वाद घालतात. रोप झाकणाला टेकलं की बाहेर लावायचं.

तुळस, कोरफड, निवडुंग, सदाफुली यांना ऊन आणि मोकळी हवा लागते. ती बंद बरणीत सडतात.

दगडफूल लावता येईल का? ते तर जंगलातलंच आहे.

लावू नका, पण वर्गात जरूर आणा. गोड्या मसाल्यातलं दगडफूल घराघरात असतं, प्रत्येक मूल एक तुकडा आणू शकतं. ते झाड नाही. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने राहतात तेव्हा ते तयार होतं. त्याला भिजणं आणि वाळणं दोन्ही आलटूनपालटून लागतं, म्हणून बंद बरणीत कुजतं. बशीत पाण्याचे थेंब टाकून कडक तुकडा मऊ कसा होतो ते बघा. आजीला विचारून यायचा गृहपाठ द्या: हे कुठे उगवतं? घाटातल्या घरांतून येणारी उत्तरं पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त खरी असतात.

मुलांना ‘बघा’ म्हटलं तर ती दोन सेकंद बघतात आणि पळतात. काय करावं?

सगळी बरणी बघायला सांगितली तर असंच होणार. जागा लहान करा. जुन्या पुठ्ठ्यात काडेपेटीएवढी खिडकी कापा आणि ती काचेला चिकटवा. गटाने महिनाभर त्याच खिडकीतून बघायचं. एवढ्याशा जागेत काय काय आहे हे सांगताना मुलं थांबतात, कारण जागा संपते आणि गोष्टी संपत नाहीत.

एका वेळी चारच मुलं बसवा, बाकीच्यांना दुसरं काम. पाच मिनिटं पुरेत. पहिलं मिनिट कुणी बोलायचं नाही, शिक्षकांनी तर नाहीच. हे सगळ्यात अवघड आहे. आपण ‘अरे ते बघ, किती छान पान!’ म्हटलं की चारही मुलं तेच पान बघतात आणि तास संपतो.

कोणते प्रश्न विचारायचे?

थोडे. ‘काय दिसतंय?’ हा पहिला. मग ‘अजून काय?’ आणि पुन्हा ‘अजून काय?’ तिसऱ्यांदा विचारल्यावर येतं ते खरं निरीक्षण असतं. पहिल्या दोन वेळा मुलं आपल्याला जे आवडेल असं त्यांना वाटतं ते सांगतात.

मग ‘मागच्या वेळी असंच होतं का?’ हा प्रश्न. त्यासाठी मागचं चित्र समोर हवं.

‘का?’ मात्र शेवटी, आणि रोज नको. लहान मुलांना सारखं ‘का’ विचारलं की ती बघणं सोडून उत्तर शोधायला लागतात, तेही आपल्या चेहऱ्यावर.

झाडांची नावं आधी सांगावीत की नंतर?

नंतर. यावर शिक्षकांशी नेहमी वाद होतो. कारण नाव सांगितलं की शिकवल्यासारखं वाटतं आणि पालकही घरी विचारतात, ‘आज कोणतं नाव शिकलास?’ पण ‘हा नेचा’ असं सांगितल्यावर मूल मान डोलावतं आणि पुढे सरकतं. त्याच्या लेखी तो विषय संपलेला असतो. तेच नाव रोखून धरलं तर त्याला स्वतः काहीतरी म्हणावं लागतं. नेच्याचं कोवळं पान गुंडाळी करून वर येतं तेव्हा मुलं त्याला हमखास ‘चकली’ म्हणतात. म्हणजे त्यांना गुंडाळी दिसली, तिचं मधलं टोक दिसलं, आतून बाहेर ती सुटते हेही पुढे दिसतं. पुस्तकी व्याख्या पाठ करून यातलं काही मिळालं नसतं.

दोन-तीन आठवडे मुलांचीच नावं चालू द्या, ती पाटीवर लिहून बरणीला लावा. मूल मालवणी, अहिराणी किंवा वारली बोलीत जे नाव देईल ते तसंच लिहायचं, ‘शुद्ध’ करायचं नाही. मग गावातलं नाव विचारून यायला सांगा. शास्त्रीय नाव दुसरीतल्या एखाद्याने विचारलं तर सांगावं. आपल्याला माहीत नसेल तर तसं म्हणावं.

चित्रं काढून घ्यावीत का? बालवाडीतल्यांना धड रेघ येत नाही.

काढून घ्या, पण सुंदर व्हावीत म्हणून नाही. साधी पेन्सिल द्या, रंग नंतर. आधी रंग दिले तर सगळी बरणी हिरव्या खडूने भरून टाकतात. चित्रावर सुधारणा करू नका. मूल चित्राबद्दल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कडेला लिहा आणि तारीख घाला. ‘हे पान आईच्या मागे लपलंय’ असं म्हटलं तर तेच लिहा. त्याने कोवळं पान मोठ्या पानाच्या आड पाहिलं आहे, हे त्यातून कळतं.

मोजायला पट्टी लागत नाही. कोवळ्या पानाशेजारी दोरा धरा, तेवढा कापा आणि तारखेच्या कागदावर चिकटवा. दर तीन दिवसांनी एक दोरा. महिन्याभरात कागदावर चढत जाणाऱ्या दोऱ्यांची ओळ होते. मुलांनी ‘आलेख’ हा शब्द ऐकण्याआधी तो त्यांच्या हातांनी तयार झालेला असतो.

भिंग कोणतं घ्यावं?

मोठ्या काचेचं, दोन-तीन पट मोठं दाखवणारं. जास्त शक्तीचं लहान भिंग पाच वर्षांखालच्या मुलांना डोळ्याजवळ नीट धरता येत नाही, त्यांना फक्त धूसर दिसतं. मोठ्या वर्गांसाठी स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने केलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक चांगला आहे. दुसरीतली मुलं शिक्षकांच्या मदतीने त्यात मॉसचं एक पान बघू शकतात. ते पान इतकं पातळ असतं की कापायची गरजच नाही.

मोबाइलवर मोठं करून दाखवायचा मोह होतो. दाखवा, पण मुलांचं बघून झाल्यावर. आधी दाखवलं तर बरणीपेक्षा पडदाच जास्त रंजक ठरतो.

एक मूल म्हणालं, ‘काचेला घाम आलाय.’ चूक सुधारावी का?

लगेच नाही. त्याने पाणी पाहिलं आहे आणि ते कुठून आलं याचा अंदाजही केला आहे. तो अंदाज तपासायची सोय करा. दोन सारख्या बरण्या घ्या: एक कोरडी आणि रिकामी, एकीत ओली माती. दोन्हींवर झाकण, दोन्ही रात्रभर शेजारी. सकाळी कुणाला ‘घाम’ आला? मग तिसऱ्या बरणीत झाड लावून बघा. सहा वर्षांची मुलं ‘मातीतलं पाणी वर गेलं’ इथपर्यंत स्वतः येतात. बाष्पीभवन हा शब्द त्यांना पुढच्या वर्गांत भेटेल, तोवर घाम चालेल.

पाणी किती आणि केव्हा घालायचं?

सकाळी काचेच्या एका बाजूला धुकं आणि दुपारपर्यंत काच साफ, म्हणजे ओलावा बरोबर आहे. दिवसभर थेंब ओघळत असतील तर पाणी जास्त झालंय, झाकण अर्धा दिवस उघडं ठेवा. दोन-तीन दिवस धुकंच नाही तर दोन-तीन चमचे पाणी फवारा.

बरण्या मरतात त्या बहुतेक मुलांच्या प्रेमामुळे. प्रत्येकाला पाणी घालायचं असतं. म्हणून आठवड्याचा एक पाणीवाला किंवा पाणीवाली नेमा, त्यांच्या हाती बाटली नाही, चमचा द्या, आणि नियम करा: आधी काच बघून सांगायचं, मग घालायचं की नाही ते ठरवायचं. ‘आज नको’ म्हणणाऱ्या मुलाचं कौतुक करा.

बोअरवेलच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात. पागोळ्यांखाली बादली लावून पावसाचं पाणी साठवलं तर उत्तम.

बरणी उन्हात ठेवावी का?

थेट उन्हात कधीही नाही. बंद काचेत ऊन शिरलं की आतली हवा तापते आणि मॉस शिजतं. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी, तिच्यापासून हातभर आत. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरतो.

उन्हाळ्यात आणि सुट्टीत काय करायचं?

दिवाळीच्या सुट्टीत बंद बरणी आपली आपण राहते. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. पत्र्याच्या छताखाली, त्यातही नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तिथे, मेमध्ये बंद वर्गात बरणी टिकवायचा हट्ट करू नका. मुलांच्या किंवा शाळेजवळ राहणाऱ्या कुणाच्या घरी माठाशेजारच्या थंड कोपऱ्यात, ओल्या गोणपाटावर ठेवता आली तर ठेवा.

पण उन्हाळ्याआधीचे महिने वाया घालवू नका. डिसेंबर-जानेवारीत बाहेरच्या भिंतीवरचं मॉस वाळून तपकिरी झालेलं असतं, हंसराज वरून वाळून गेलेला असतो, आणि बरणीत मात्र हिरवं असतं. मुलांना बाहेर नेऊन तीच भिंत दाखवा, जिथून जुलैमध्ये तुकडा उचलला होता. बहुतेक जण म्हणतील, ‘ते मेलं.’

आता त्या वाळक्या मॉसचा नखाएवढा तुकडा बशीत घ्या आणि ड्रॉपरने थेंब थेंब पाणी टाका. काही मिनिटांत मिटलेली पानं उघडतात आणि हिरवा रंग परत येतो. घड्याळ न लावता सगळ्यांनी बशीभोवती बसायचं. मॉसला मुळं नसतात, ते अंगभर पाणी पितं, आणि पाणी संपलं की सगळं काम बंद करून पुढच्या पावसापर्यंत थांबतं. आपल्याकडचं जंगल आठ महिने कोरडं आणि चार महिने भिजलेलं असतं, त्याला हे जमावंच लागतं. वर्षभरातला एकच धडा घ्यायचा असेल तर आम्ही हा निवडू.

मॉसवर केसासारख्या काड्या आल्या आहेत. बुरशी आहे का?

टोकाला बारीक बोंडं असतील तर बुरशी नाही. त्या बोंडांत बीजाणू असतात, म्हणजे ज्यांतून नवं मॉस उगवतं ते धुळीसारखे बारीक कण. सुरुवातीला बोंडावर टोपी असते, पिकलं की गळते. टोपीवाली किती आणि बिनटोपीची किती हे मोजायला मुलांना फार आवडतं. नेच्याचे बीजाणू पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांत असतात. पालक ‘पानाला कीड लागली’ म्हणून काळजी करतात. तसं पान पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवा, सकाळी कागदावर धुळीची नक्षी उमटलेली असते. मुलांनी ती फुंकण्याआधी बघून घ्या.

पांढरी बुरशी खरंच आली तर?

थोडी असेल तर झाकण बंद ठेवून बघत राहा, पडलेलं पान कसं नाहीसं होतं हे त्यातच दिसतं. फार पसरली तर तो भाग चमच्याने काढा आणि बरणीला हवा द्या. दम्याचा त्रास असलेल्या मुलाच्या तोंडाजवळ अशी बरणी उघडू नका.

आत किडे दिसतात. मुलं किंचाळतात.

मातीवर उड्या मारणारे पांढरे ठिपके म्हणजे स्प्रिंगटेल. ते बुरशी खातात, राहू द्या. बारीक काळ्या माश्या झाल्या तर माती जास्त ओली आहे. वाणी आली तर कागदावर घेऊन बाहेर सोडा. गोम किंवा विंचवाचं पिल्लू मातीतून येऊ शकतं, म्हणून माती आणि दगड शिक्षकांनी आधी मोकळ्या जागी पसरून तपासायचे. मुलांना उकरायला द्यायचं ते त्यानंतर. बेडूक किंवा गोगलगाय बरणीत डांबू नका. गोगलगाय तर मॉसच खाऊन टाकते.

सुरक्षिततेसाठी अजून काय?

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी प्लास्टिकचं भांडं, काच नको. खडे तोंडात जाणार नाहीत इतके मोठे. हात लावल्यावर साबणाने धुणे. अळू, मनी प्लांट, सिंगोनियम यांच्या रसाने खाज येते, ती झाडं टाळा. लाल-काळी गुंज विषारी आहे. ती सुंदर दिसते म्हणून मुलं खिशात भरून आणतात, वर्गात ठेवू नका.

नीट न दिसणाऱ्या मुलासाठी काय करता येईल?

त्याला बरणीचा फारसा उपयोग नाही, म्हणून परातीत उघडं मॉस, जांभ्याचा दगड, सालीचा तुकडा, एखादं पान आणि ओली माती मांडा. हाताने आणि नाकाने बघू द्या. मग बाकीच्या मुलांनीही डोळे मिटून परात ‘बघावी’. पानाचा खालचा भाग खरखरीत असतो हे डोळस मुलांना बऱ्याचदा तिथेच कळतं.

एक झाड मेलं. गुपचूप बदलून टाकावं का?

नको. मुलांच्या लक्षात येतं आणि मग ती चित्रांवर विश्वास ठेवत नाहीत. मेलेलं रोप तिथेच राहू द्या. त्याचा रंग जातो, ते खाली बसतं, त्यावर बुरशी येते, मातीत मिसळतं. मुलं माणसांच्या मरणाबद्दलही विचारतील. सोपं आणि खरं उत्तर द्या. घरात नुकतंच कुणी गेलेलं मूल वर्गात असेल तर त्याच्याशी आधी वेगळं बोलून घ्या.

पालक विचारतात, यातून मुलं काय शिकली? गुण कसे द्यायचे?

गुण देऊ नका. जुलैचं आणि नोव्हेंबरचं चित्र शेजारी शेजारी दाखवा, त्यावरचे शब्दही. जुलैमध्ये ‘हिरवं आहे’ लिहिलेलं असतं. नोव्हेंबरमध्ये ‘कडेला पिवळं, मध्ये हिरवं, आणि खालचं पान फाटलंय’. पालकसभेला बरण्याच मांडून ठेवा आणि मुलांना दाखवू द्या. भिंग पालकांच्या हाती द्यायला विसरू नका.

वर्ष संपल्यावर बरणीचं काय?

नर्सरीतून आणलेली झाडं किंवा त्यांची माती जंगलात, ओढ्याकाठी टाकू नका. त्यातून बाहेरचं तण पसरू शकतं. ती शाळेच्या बागेत किंवा खतखड्ड्यात जातील. भिंतीवरून आणलेलं मॉस पहिल्या पावसानंतर त्याच भिंतीच्या ओल्या भागावर दाबून बसवता येतं. बरणी गरम पाण्याने घासून, उन्हात वाळवून, झाकण न लावता कपाटात ठेवा. झाकण लावलं तर जूनपर्यंत कुबट वास बसतो.